सहा लिटरचा नवरा

सरकारनं मला गणित शिकवायला नेमलं आणि मग गणित सोडून जगातलं सगळं मोजायला लावलं. मी मतदार मोजले, शौचालयं मोजली, एका उन्हाळ्यात शेळ्यासुद्धा मोजल्या. शेळ्यांचं एक बरं होतं, त्यांनी कधी खोटी माहिती दिली नाही. त्यामुळे त्या वर्षी पावसाळा संपता संपता कचेरीतून आदेश आला, की तालुका बचाव पथकातल्या पाणबुड्यांचा ‘प्रति मिनिट हवा वापर’ नोंदवण्यासाठी आमच्या शाळेच्या गणित शिक्षिकेची सेवा दहा दिवस घेण्यात येत आहे, तेव्हा मला नवल वाटलं नाही. माणसांचे श्वास तेवढे मोजायचे राहिले होते.

मुख्याध्यापक म्हणाले, “जाऊन या मॅडम. तसंबी तुमच्या घरचाच माणूस हाय पथकात.”

घरचा माणूस म्हणजे माझा नवरा. त्याचं राजूरला मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की तो तिच्यातली काळी पडलेली तार काढून नवी तार गुंडाळतो आणि ती पुन्हा चालू करून देतो. चतुर्थीला त्याला जेवायला फुरसत नसते, कारण गणपतीचं दर्शन आणि जळालेली मोटार ही दोन्ही कामं लोक एकाच फेरीत उरकतात. पण त्याची खरी कीर्ती दुकानाची नाही, पाण्याखालची. दोर तुटून मोटार विहिरीत पडली की पंचक्रोशीतून त्याला बोलावणं येतं. तो छातीत हवा भरून घेतो, बुडी मारतो, तळाशी चाचपडत मोटारीला दोर बांधतो आणि वर येतो. ह्या कामाचं तो काही घेत नाही. त्याला फक्त काठावरच्या माणसांनी मोजलेलं हवं असतं.

आमच्याकडं ती पद्धतच आहे. कुणी बुडी मारली की काठावरचे लोक मोठ्यानं आकडे म्हणतात, आणि जितक्या आकड्यानंतर डोकं वर येईल तितकी त्या माणसाची किंमत. गावातल्या मोठ्या विहिरीवर माझ्या नवऱ्याचा दीडशेचा विक्रम आहे. मोजणारे दोस्त असले की दीडशे जरा लवकर होतात, असं मी लग्नानंतर एकदा म्हणाले होते आणि त्याचे परिणाम बरेच दिवस भोगले होते.

पण त्या विहिरीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. माझे सासरे लहान होते तेव्हा आमच्या माणसांना तिच्या पायऱ्या उतरायची मुभा नव्हती. काठापासून लांब उभं राहायचं, आणि कुणाच्या मनात आलं तर तो वरून ओंजळीत पाणी ओतायचा. त्याच सासऱ्यांचा मुलगा त्याच विहिरीच्या तळाला जाऊन बसतो आणि वर अख्खं गाव त्याच्यासाठी आकडे मोजतं. यात नुसतं पोहणं नाही, हे मला कळतं. नवऱ्याच्या बाकी सगळ्या गोष्टींची मी थट्टा करते. ही एक सोडून.

तर पथक. शासनाकडून तालुक्याला पाठीवर टाकी लावून पाण्यात उतरायचे दोन संच आले होते आणि ते चालवायला शिकवण्यासाठी कोकणातून एक प्रशिक्षक आले होते. नौदलातून निवृत्त झालेले, बोलायला तिखट, आणि विहीर बघून हसणारे. समुद्रात आयुष्य काढलेल्या माणसाला आमच्या विहिरीत उतरवणं म्हणजे त्यांना अपमान वाटत असावा, पण पहिल्या दिवशी उतरून आले आणि म्हणाले, “बाई, समुद्रात निदान दिसतं तरी!”

पथकात आठ जण होते. सगळे पट्टीचे पोहणारे, सगळे आपापल्या गावच्या विहिरीचे राजे. प्रशिक्षकांनी त्यांना पहिल्याच तासाला नियम सांगितला, “टाकी लावल्यावर श्वास रोखायचा नाही. कधीच नाही. आत घ्या, बाहेर सोडा, चालू ठेवा. खाली श्वास रोखून तसेच वर आलात तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं. समजलं?”

“बराबर साहेब,” आठही जण म्हणाले. आमच्याकडं ‘बराबर साहेब’ याचा अर्थ इतकाच, की साहेबांचं बोलून झालं असेल तर आम्ही आमच्या पद्धतीनं सुरू करतो.

मला त्यांनी हिशोब समजावला. तो सोपा आहे, सातवीच्या मुलांना घालता येईल. टाकीत हवा दाबून भरलेली असते. टाकीला लावलेल्या मीटरवर आत किती दाब उरला ते दिसतं. उतरण्याआधीचा आकडा घ्यायचा, वर आल्यावरचा घ्यायचा, वजाबाकी करायची आणि टाकीच्या आकारमानानं गुणायचं. म्हणजे किती लिटर हवा संपली ते कळतं. त्याला मिनिटांनी भागायचं. मग खोलीचा हिशोब, कारण जितकं खाली जावं तितका तोच श्वास जास्त हवा खातो. दहा मीटरवर दुप्पट, म्हणून शेवटी दोननं भागायचं. जो आकडा येतो तो त्या माणसाचा दर. प्रत्येकाचा वेगळा.

“ह्या आकड्यावर ठरतं की माणूस खाली किती वेळ राहू शकतो,” ते म्हणाले. “आकडा खरा हवा. मोठा चालेल, खोटा नको.”

हे त्यांनी मला सांगितलं. कचेरीतल्या साहेबांना सांगायचं राहून गेलं.

साहेबांना पथकाचा फार अभिमान होता. पहिल्या दिवशी येऊन त्यांनी टाकीवर हात फिरवला आणि विचारलं, की संपलेली हवा इथल्या पंक्चरच्या दुकानात भरून मिळेल ना, उगाच जिल्ह्याला कशाला न्यायची. प्रशिक्षकांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं आणि ‘नाही’ एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी नोंदीचा तक्ता आला. त्यात ‘हवा वापर’ असा रकाना होता, त्याच्या शेजारी ‘हवा बचत’ असा होता, आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, की कमीत कमी हवा वापरणाऱ्यास प्रथम क्रमांक देऊन त्याचा फोटो कचेरीच्या फलकावर लावण्यात येईल. कचेरीत डिझेलची बचत होते, विजेची होते, कागदाची तर इतकी होते की दाखले मिळत नाहीत. मग हवेची का नको?

हा तक्ता पथकानं वाचला आणि आठ पोहणाऱ्यांच्या डोळ्यांत जे काही चमकलं, ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

मोजणी रविवारी ठेवली होती. विहारातली सकाळची वंदना आटोपून मी पांढऱ्या साडीतच मोठ्या विहिरीवर गेले. दोराला मीटरमीटरवर गाठी मारलेल्या होत्या. दहाव्या गाठीला, म्हणजे आमच्या भाषेत साडेपाच परस खोलीवर, एकेकानं प्रशिक्षकांबरोबर जाऊन दहा मिनिटं नुसतं थांबायचं आणि वर यायचं, एवढीच परीक्षा. काठावर शे-दीडशे माणसं जमली होती. शेंगा विकणाराही आला होता.

पहिला होमगार्ड उतरला. सत्तावीस लिटर. काठावरून कुणीतरी म्हणालं, “आरं, हा तर म्हशीवानी हवा पेऊन राह्यला!” बिचारा तोंड लपवून कपडे घालायला गेला. पिंपळगाव रेणुकाईचे एक पन्नाशीचे शेतकरी होते, पथकातले सगळ्यात शांत. त्यांचा एकोणीस आला. प्रशिक्षक म्हणाले, “छान, ह्याला म्हणतात माणूस.” त्यांचा स्वतःचा तेरा होता, आणि तेरा यायला त्यांना तीस वर्षं समुद्रात घालवावी लागली होती.

मग माझा नवरा उतरला.

टाकी लावलेला माणूस खाली श्वास सोडतो तेव्हा वर बुडबुडे येतात. एकदा भसकन येतात, चार-पाच सेकंद थांबतात, परत येतात. सकाळपासून मी ते बघत होते. प्रशिक्षकांचे बुडबुडे ठरल्या वेळी येत होते. त्यांच्या शेजारी, नवऱ्याच्या जागेवर, एकदा आले आणि नंतर पाणी स्वच्छ. मी मनातल्या मनात तीसपर्यंत मोजलं. चाळीस. मग थोडेसे आले, जपून सोडल्यासारखे. परत बंद. काठावरच्या लोकांनाही ते दिसलं आणि त्यांना काय करायचं ते कुणी शिकवायची गरज नव्हती. “एक, दोन, तीन...” अख्खा काठ मोजायला लागला.

विहारात आम्हाला श्वासाकडे बघायला शिकवतात. तो जसा येतो तसा येऊ द्यायचा, त्याला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. हे फार अवघड असतं, कारण बघायला लागलं की तो बदलतो. एकांतात बसलेल्या माणसाचा बदलतो, मग शंभर माणसं आकडे म्हणत असताना आणि वर फोटो लागणार असताना त्याचं काय होत असेल?

वर आल्यावर मीटर वाचलं. दाब फक्त बारानं उतरला होता. अकरा लिटरची टाकी, दहा मिनिटं, दहा मीटर. उत्तर सहा पूर्णांक सहा दशांश.

प्रशिक्षकांनी मीटर हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि मला म्हणाले, “बाई, तुमचे यजमान मनुष्यप्राणीच ना? ह्यात एकतर मीटर बिघडलंय नाहीतर माणूस लबाडी करतोय. आणि मीटर नवीन आहे.”

नवरा पायरीवर बसून हसत होता. कपाळ दोन्ही हातांनी दाबत होता, तरी हसत होता.

आता मी जे केलं ते लिहिते. सहा पूर्णांक सहा दशांश हे पूर्णांकात लिहायचं तर सात होतं. मी हे शेकडो मुलांना शिकवलंय, न जमणाऱ्यांना बाकावर उभं केलंय. तक्त्यात मी सहा लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात ‘उत्कृष्ट’ लिहिलं आणि खाली माझी सही केली. श्वास रोखला होता हे मला माहीत होतं. पण लोक त्याला खांद्यावर घेत होते, सासऱ्यांच्या वयाचे दोघं येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, आणि मला वाटलं, असू दे. असू दे म्हणताना मला फार छान वाटत होतं, हेही लिहायला हवं. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी तो आकडा चार जणींना सांगितला, कुणी न विचारता.

फलकावर फोटो लागला. साहेबांनी अहवाल वर पाठवला, ‘हवा बचतीत तालुका अग्रेसर’. दुकानात मोटार घेऊन येणारे लोक विचारायला लागले, “सहा लिटरवाले तुमीच का?” घरी मात्र दर सरावानंतर हा माणूस डोक्याला रुमाल आवळून आडवा पडायचा. “पित्त झालं,” म्हणायचा. मी प्रशिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, “पित्त नव्हे. श्वास दाबून ठेवला की आतली वापरलेली हवा आतच राहते. डोकं दुखतं. खाली जोराचं काम करताना असं केलं तर डोकं दुखत नाही, माणूस झोपतो. पाण्यात झोपलेला माणूस उठत नाही, बाई.”

त्या दिवशी भाकरी थापताना माझा हात थांबला होता. तरी मी काही केलं नाही. करायचं ते मला तलावानं करायला लावलं.

प्रशिक्षणाचे तीन दिवस उरले होते तेव्हा बातमी आली, की तीन गावांना पाणी देणाऱ्या तलावातल्या पंपाच्या विहिरीच्या तोंडाची लोखंडी जाळी पावसात वाहून आलेल्या गाळानं आणि प्लॅस्टिकनं बुजली आहे. नळ बंद झाले होते. ती जाळी पंधरा मीटरवर, सव्वाआठ परस. चार बोल्ट काढून ती सोडवायची, साफ करायची, परत लावायची. साहेबांना वाटलं, देवानंच संधी दिली. सहा लिटरवाला पाणबुडा हाताशी आहे, बोल्ट त्याच्या रोजच्या कामाचे आहेत, वार्ताहरही येतील. प्रशिक्षकांना नेमकी सर्दी झाली होती. सर्दीत खाली गेलं तर कान फुटतात, त्यामुळे ते वरूनच बघणार होते. नवऱ्याबरोबर जोडीला पिंपळगावचे शेतकरी जाणार होते, दोर सांभाळायला.

साहेबांनी मला वेळेचा तक्ता करायला सांगितला. मी वही काढली. भरलेल्या टाकीचा दाब दोनशे, त्यातले शेवटचे पन्नास राखून ठेवायचे, म्हणजे वापरता येईल इतकी हवा सोळाशे पन्नास लिटर. पंधरा मीटरवर एक श्वास अडीचपट. सहाच्या दरानं एकशे दहा मिनिटं.

“म्हणजे एका टाकीत काम!” साहेब म्हणाले. “लिहा. एक टाकी मंजूर.”

मी तिथंच कोपऱ्यात दुसरं गणित केलं. काम करणारा माणूस धापा टाकतो. तीसचा दर धरला. बावीस मिनिटं.

एकशे दहा आणि बावीस. त्या दोन आकड्यांच्या मध्ये माझा नवरा होता. तलावाचं पाणी गढूळ, खाली स्वतःचा हात दिसत नाही, मीटर डोळ्याला लावलं तरी वाचता येत नाही. किती हवा उरली हे खाली कळणार नव्हतं. घड्याळ वर माझ्या हातात राहणार होतं, आणि वेळ झाली की मी दोर ओढणार होते. पण माझ्या ओढण्यानं तो वर आला तर! स्वतःला सहा लिटरचा समजणारा माणूस वीस मिनिटांच्या दोराला काय भीक घालणार? आणि तेवढ्या वेळातही तो श्वास दाबून बोल्ट पिळत बसणार नाही कशावरून?

मी साहेबांकडे गेले. म्हणाले, नोंद चुकली आहे, बदलायची आहे.

“किती करायची?”

“तीसच्या पुढे जाईल.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, अहवाल वर गेला. शाबासकीचं पत्र आलंय. आता वापर पाचपट वाढलाय म्हणून कळवू? लोक काय म्हणतील, बचत गेली कुठं?”

“साहेब, माणूस मरंल.”

“तुम्हीच सही केली ना?” ते म्हणाले, आणि हे मात्र खरं होतं.

मग मी प्रशिक्षकांकडे गेले आणि दोघांनी मिळून एक युक्ती केली. नवऱ्याच्याच दुकानातला एक गंजलेला पंप मोठ्या विहिरीत दहा मीटरवर दोरानं लटकवला. नवऱ्याला सांगितलं, जाळीच्या बोल्टचा सराव कर, आज मोजणी वगैरे काही नाही. काठावर कुणालाही येऊ दिलं नाही. जोडीला पिंपळगावचे शेतकरी गेले.

गंजका बोल्ट समोर आला की माझ्या नवऱ्याला जगाचा विसर पडतो. बायकोचा पडतो, जेवणाचा पडतो, हे मी वीस वर्षं सोसलंय. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचं कौतुक वाटलं. वर बुडबुड्यांची नुसती उकळी फुटली होती. दहा मिनिटांनी तो वर आला आणि तीन बोल्ट पायरीवर आपटून म्हणाला, “चौथा लई हट्टी हाय, पन निघंल.”

मी मीटर वाचलं. दोनशेवरून एकशे पंचेचाळीस. त्याच्यासमोरच वहीत गणित केलं, पायरी पायरीनं, जसं फळ्यावर करते. उत्तर सव्वातीस.

तो वहीकडे बघत राहिला. मग त्याला कळलं.

“म्हंजी तू मोजून राह्यली होती.”

“हो.”

“चोरून.”

“त्या रविवारी तुम्ही चोरून श्वास घेत होता. आज मी चोरून मोजला.”

“काहून केलं असं? एवढ्या गावात म्या पह्यला आल्तो! आपल्या घरातून कोणी कधी पह्यला आल्ता का त्या विहिरीवर? आन् तू, माह्यी बायको, मला शेवटचा करून राह्यली? त्या होमगार्डच्याबी खाली?”

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मी म्हणाले, “तुमच्या बापाला ह्या विहिरीचं पाणी मिळत नव्हतं. तुम्हाला मिळतंय, हवा मिळतेय, टाकी भरून मिळतेय. कुणासाठी उपाशी राहताय तुम्ही खाली? सहा मीच लिहिलं. माझी सही आहे त्याच्यावर. तुम्ही त्या तलावात राहिलात तर मी त्या सहीचं काय करू, सांगा मला.”

त्यानं लटकवलेला दोर वर ओढला. पंपाचा उरलेला सांगाडा उचलून दुकानात गेला. दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. तिसऱ्या दिवशी तलावावर निघताना मी म्हणाले, “वीस मिनिटं झाली की तीन झटके देईन. लगेच वर यायचं.” त्यानं बूट घालता घालता मान हलवली की नुसती मान वळवली, मला कळलं नाही.

तलावावर मंडप नव्हता एवढंच, बाकी सगळं होतं. साहेब होते, हार होता, दोन वार्ताहर होते. खाली माणसं असताना कुणी पंप चालू करू नये म्हणून प्रशिक्षकांनी त्याचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवला होता. एकट्या नवऱ्यासाठी जिल्ह्याहून आणलेल्या तीन भरलेल्या टाक्या त्यांनी मंजुरी न विचारता काठावर मांडल्या. साहेब म्हणाले, “एकच मंजूर आहे.” प्रशिक्षक नाक पुसत म्हणाले, “ऐकू येत नाही, सर्दीनं कान बसलेत.”

दोघं उतरले. माझ्या एका हातात घड्याळ, दुसऱ्यात दोर. पाणी चहासारखं, त्यात दोन माणसं गेली आणि दिसेनाशी झाली.

मी बुडबुडे बघत होते. शेतकऱ्यांचे एका बाजूला येत होते, शांतपणे. नवऱ्याच्या जागेवर पहिले आले. मग थांबले. मी मोजायला लागले, एक, दोन, तीन, चार, आणि पाचाच्या आत ते परत आले. मोठे, भसभसून. परत आले. परत. त्यानं काम सुरू केलं असावं, कारण मग त्या जागी पाणी थांबतच नव्हतं. हवेची नुसती उधळपट्टी चालली होती. आयुष्यात कुणाची उधळपट्टी बघून मला इतका आनंद झाला नव्हता. साहेब शेजारी येऊन काळजीनं म्हणाले, “मॅडम, जरा जास्तच येताहेत का?” मी म्हणाले, “येऊ द्या.”

एकोणीस मिनिटं झाली तेव्हा माझ्यानं राहवेना. तीन झटके दिले. दोर तसाच. पुन्हा झटके द्यायला हात उचलला आणि खालून उत्तर आलं. तीन झटके, स्पष्ट.

तो वर आला, काठाला धरलं, तोंडातली नळी काढली. पहिली गोष्ट केली ती ही, की मीटर हातात घेऊन अंगठ्यानं त्यावरचा चिखल पुसला. पुन्हा पुसला. मग न बोलता ते मला दाखवलं. साठाच्याही खाली आलं होतं. पन्नासला थांबायचं असतं. सहा लिटरच्या हिशोबानं त्याला अजून दीड तास खाली राहायचं होतं.

“दोन बोल्ट निघाले,” तो म्हणाला. धाप लागली होती, थांबून थांबून बोलत होता. “दुसरी टाकी दे जल्दी.” मग पट्टा आवळताना, फक्त मला ऐकू येईल असं, “म्या थांबणार होतो अजून. तू वढलं तव्हा बोल्ट हातातच होता. सोडला.”

आणखी दोन टाक्या लागल्या. प्रत्येक टाकीनंतर प्रशिक्षकांनी त्याला काठावर बसवून ठेवला, लिंबूपाणी पाजलं. दुपारपर्यंत जाळी लागली, फ्यूज बसला, संध्याकाळी तीन गावांचे नळ आधी खोकले आणि मग वाहायला लागले. त्या दिवशी त्याचं डोकं दुखलं नाही. दोन माणसांचं जेवला आणि चौथा बोल्ट कसा निघाला ते मला तीनदा सांगितलं.

महिन्याभरानं शाळेत माझ्या नावे कचेरीचं पत्र आलं. नोंदीनुसार सदर पाणबुड्याचा हवा वापर प्रति मिनिट सहा लिटर असून सदर कामास एक टाकी मंजूर असताना प्रत्यक्षात तीन टाक्या वापरल्याचे निदर्शनास आले आहे. तरी मंजुरीपेक्षा जास्त झालेल्या हवा वापराचे सबळ कारण नोंदवहीच्या प्रभारी या नात्याने आपण सात दिवसांत लेखी कळवावे. खाली कारणासाठी आखलेली जागा सोडली होती, चांगली सात-आठ ओळींची.

माझे दोन तास मोकळे होते म्हणून कच्चं लिहायला बसले. गाळ लिहिला, गंज लिहिला, खोली लिहिली, गणित मांडलं, आणि सगळं खोडलं. मग कोऱ्या कागदावर एकच ओळ लिहिली, खाली सही केली, शाळेचा शिक्का मारला आणि मुख्याध्यापकांनी वाचायच्या आत शिपायाच्या हाती पाठवून दिली.

‘कारण: सदर इसम खाली असताना श्वास घेत होता.’